वेस्टन मास्टर २च्या दुरुस्तीचे साडेचार महिने

माझ्या मावशीने तिचा जुना, स्वतःचा मीटर नसलेला यांत्रिक कॅमेरा मला दिला, तेव्हा त्याच्या पिशवीच्या एका कप्प्यात चामड्याच्या डबीत ठेवलेला वेस्टन मास्टर २ हा हातात धरायचा लाइट मीटर, म्हणजे फोटोसाठी उजेड मोजणारे यंत्र, होता. या मीटरला बॅटरी लागत नाही. त्याच्या पाठीमागे सेलेनियमचा एक चपटा सेल असतो. त्यावर प्रकाश पडला की अत्यल्प वीजप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरच पुढचा काटा सरकतो. एवढ्या साध्या तत्त्वावर चालणारे यंत्र बिघडले तर दुरुस्त करणेही सोपे असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेचार महिने, मी या एका मीटरमागे होते. अशा मीटरची डबी हातात घेऊन पुढे काय करावे ते न सुचलेल्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून हे सर्व घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

बिघाड लक्षात आला तो फिल्मवरून. मीटरवर विसंबून काढलेला पहिला निगेटिव्ह रोल धुऊन आला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चौकट गडद आणि दाट होती, म्हणजे फिल्मवर गरजेपेक्षा बराच जास्त प्रकाश पडला होता. सेल अशक्त झाला की काटा कमी सरकतो, मीटर 'उजेड कमी आहे' असे सांगतो आणि आपण त्याचे ऐकून ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र) उघडतो किंवा शटर मंद करतो. इथपर्यंतचा तर्क सरळ होता. गोंधळात टाकणारी गोष्ट ही होती की काही दिवशी काटा कमी का होईना पण सरकत असे, तर काही दिवशी भर उन्हातही शून्यावरच पडून राही. एकाच दोषाची ही दोन रूपे असावीत असे मी गृहीत धरले, आणि पुढचे कित्येक आठवडे त्या गृहीतकाने मला चुकीच्या वाटेवर ठेवले.

४ डिसेंबरला मी मीटर एका दुरुस्ती करणाऱ्याकडे टपालाने पाठवला. सोबत यंत्राचा क्रमांक, दोषाचे वर्णन आणि 'खर्चाचा अंदाज कळवल्याशिवाय काम सुरू करू नये' अशी सूचना असलेला त्यांचाच छापील अर्ज भरून दिला. पोच तीन दिवसांनी आली, पण त्यानंतर काहीच कळले नाही. मी दोनदा विचारणा केली आणि दोन्ही वेळा 'तपासणी चालू आहे' एवढेच उत्तर मिळाले. ४३ दिवसांनी, १६ जानेवारीला, मीटर न उघडलेल्या अवस्थेत परत आला. अर्जाच्या तळाशी 'सेल मृत, सुटा भाग उपलब्ध नाही' अशी एक ओळ लिहिलेली होती. दुरुस्तीचा खर्च लागला नाही, परंतु तपासणीचे शुल्क आणि जाण्यायेण्याचे टपाल लागले. न उघडता हे निदान कसे केले हे मला कळले नाही आणि त्या संध्याकाळी मी खरोखर खट्टू झाले. आता असा मीटर पाठवायचा झाला, तर अर्जावर मी एक वाक्य जास्त लिहीन: सेल, संपर्क आणि काट्याची यंत्रणा यांची तपासणी स्वतंत्रपणे करून प्रत्येकाचा निष्कर्ष वेगळा कळवावा.

हे वाक्य मला सुचले, कारण पुढच्या चार दिवसांत मी या मीटरविषयी जमेल तेवढे वाचले. एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ मध्ये न्यूअर्क येथे जी कंपनी काढली, तिचा मूळ व्यवसाय विद्युत मोजमापाची उपकरणे बनवण्याचा होता. (त्याच नावाचे प्रसिद्ध छायाचित्रकार वेगळे, हे संशोधक आणि कारखानदार होते.) या कंपनीने १९३२ मध्ये ६१७ क्रमांकाचा प्रकाशविद्युत एक्स्पोजर मीटर आणला. मास्टर मालिका १९३९ पासूनची आणि माझा मास्टर २ हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. म्हणजे या मीटरच्या आतील काट्याची यंत्रणा मोजमापाची उपकरणे बनवण्यात मुरलेल्या कारखान्याची आहे: कायमस्वरूपी चुंबकाच्या पोकळीत रत्नाच्या बुडांवर टेकलेली तारेची एक हलकी चौकट, तिला काटा जोडलेला आणि काटा शून्यावर परत आणणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगा. दुसरीकडे सेल ही रासायनिक थरांची वस्तू आहे: धातूची तबकडी, तिच्यावर सेलेनियमचा थर, त्यावर प्रकाश आत येऊ देणारा धातूचा अतिशय पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यातून प्रवाह गोळा करणारे कडेचे वर्तुळाकार कडे. ओलावा आत शिरला तर आधी खराब होतो तो हा पापुद्रा, कडे आणि त्याला टेकणारे संपर्क. तेव्हा 'मीटर बिघडला' या एका वाक्यात किमान तीन वेगळ्या वस्तूंचे बिघाड दडलेले असू शकतात आणि त्यांची परीक्षाही वेगवेगळीच करावी लागते.

२० जानेवारीला मी मीटर न उघडता करता येतील त्या परीक्षा केल्या. या मीटरच्या मागे भोके असलेली, बिजागरीवर उघडणारी एक झडप असते. झडप मिटलेली असताना सेलवर थोडाच प्रकाश पडतो आणि समोर तीव्र उजेडाची मोजपट्टी दिसते. झडप उघडली की मंद उजेडाची मोजपट्टी समोर येते. मागची बाजू काळ्या कापडाने पूर्ण झाकून मी आधी काटा शून्यावर येतो का ते पाहिले, मग मीटर उभा, आडवा, उताणा आणि उलटा धरून काटा शून्यावरच राहतो का ते पाहिले. तो काट्याच्या जाडीएवढा इकडेतिकडे झाला, त्यावरून यंत्रणेचा तोल चांगला असल्याचे कळले. मग समोरच्या पारदर्शक खिडकीवर कोरड्या सुती कापडाने हात फिरवला आणि काटा जागचा उठून मोजपट्टीच्या मध्यावर जाऊन चिकटला. हा स्थिर विजेचा परिणाम होता. खिडकीवर हलकी वाफ सोडताच काटा खाली आला. मापन चालू असताना मी ही खिडकी पुसत असे, आणि माझ्या कित्येक विचित्र मोजण्यांचे कारण तेच असावे. भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब पाण्यात मिसळून त्यात ओलसर केलेले कापड खिडकीवरून फिरवून तसेच वाळू दिले, तर हा त्रास बरेच दिवस होत नाही. कापड फक्त ओलसर हवे. पाणी कडेने आत जाता कामा नये.

मीटर उघडण्याचे धैर्य २७ जानेवारीला झाले. टेबल पुसून त्यावर पांढरा कागद अंथरला आणि आसपास लोखंडाचा कीस असू शकेल अशी प्रत्येक वस्तू, कानस आणि जुने ड्रिल बिट धरून, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली. आत उघडे चुंबक आहे. लोखंडाचा एक कण त्याच्या पोकळीत गेला तर तो आपणहून बाहेर येत नाही. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत नेमका बसणारा घ्यावा आणि तो चुंबकित नाही याची टाचणी लावून खात्री करावी. चिमटा पितळेचा किंवा प्लास्टिकचा असला तर उत्तम. निघालेला प्रत्येक स्क्रू मी खणांच्या डबीत क्रमाने ठेवला आणि प्रत्येक भाग काढण्यापूर्वी व काढल्यानंतर असे दोन फोटो घेतले. यात वेळ जातो, पण जोडणी करताना माझा प्रत्येक प्रश्न या फोटोंनीच सोडवला.

सेल बाहेर येताच संपर्क-पट्ट्यांवरचा पांढरट-हिरवट थर दिसला. सेलच्या कडेला, जिथे लाखेचे संरक्षक लेपन असते, तिथे एका बाजूला लेपन निस्तेज होऊन त्याला फुगे आले होते. ते पाहून लगेच काहीतरी घासून काढावे असे हात शिवशिवले, पण मी थांबले, आणि थांबले हे बरे झाले. काही साफ करण्यापूर्वी तिन्ही वस्तू आहेत तशा मोजून ठेवल्या नाहीत, तर कशाने काय सुधारले हे नंतर कळण्याचा मार्ग उरत नाही.

पहिली परीक्षा काट्याच्या यंत्रणेची. येथे सर्वांत महत्त्वाची खबरदारी सांगते: मल्टिमीटरच्या रोध मोजण्याच्या फेऱ्यावर या यंत्रणेची तारेची चौकट कधीही मोजू नये. मल्टिमीटर त्या वेळी स्वतःचा प्रवाह सोडतो आणि तो काट्याला टोकापर्यंत आपटण्याइतका असू शकतो. काटा वाकला की तो पुन्हा सरळ करणे घरच्या माणसाचे काम नाही. त्याऐवजी १.५ व्होल्टचा साधा सेल घेऊन त्याच्याशी एकसरीत १ मेगाओहमचा रोधक जोडावा, म्हणजे प्रवाह १.५ मायक्रोअँपिअर एवढाच राहतो. काटा जेमतेम हलला तर रोध टप्प्याटप्प्याने कमी करत जावे. १०० किलोओहमला प्रवाह १५ मायक्रोअँपिअर होतो. मी असेच केले. काटा हलला, याचा अर्थ चौकटीची तार तुटलेली नव्हती. मात्र रोध आणखी कमी करत नेल्यावर मोजपट्टीच्या सुमारे एक तृतीयांशावर काटा एकदम अडला, प्रवाह वाढवल्यावर उडी मारून पुढे गेला आणि परतताना पुन्हा त्याच जागी थबकला. प्रवाह येथे बाहेरून दिला जात होता. म्हणजे सेल कसाही असो, हा दोष यंत्रणेचाच होता.

भिंगातून चुंबकाच्या पोकळीत पाहिले, तेव्हा चौकटीच्या कडेला उभा राहिलेला केसाच्या जाडीचा एक कण दिसला. टाचणी वापरली असती तर तीही चुंबकाने ओढून घेतली असती. म्हणून मी लाकडी काडीला धार काढून तिच्या टोकावर पोस्टर चिकटवण्याच्या रबरी मातीचा तिळाएवढा गोळा लावला आणि चौकटीला न शिवता तो कण टिपण्याचा प्रयत्न केला. त्याला संपूर्ण दुपार लागली. प्रत्येक प्रयत्नानंतर गोळा बदलायचा, हात टेबलावर टेकवून स्थिर करायचा आणि श्वास रोखून पुन्हा आत जायचे. सहाव्या की सातव्या वेळी कण निघाला. त्यानंतर काटा शून्यापासून शेवटापर्यंत एकसंध सरकला आणि तसाच परतला. त्या क्षणी झालेला आनंद मला नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. सत्तरेक वर्षांपूर्वी कोणीतरी तोल साधून बसवलेली ती चौकट पुन्हा मोकळेपणाने फिरत होती. यंत्रणेच्या बुडांना तेलाचा थेंब द्यावा असा मोह होऊ शकतो. तो टाळावा. ही रत्नांची बुडे कोरडीच चालतात आणि तेलाने उलट धूळ धरून काटा जड होतो.

दुसऱ्या दिवशी संपर्क घेतले. पट्ट्या सेलपासून दूर धरून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या लाकडी काडीने त्यांवरचा थर हळूहळू काढला. अल्कोहोल सेलच्या दर्शनी बाजूला लागू देऊ नये, कारण त्यावरील लाख त्यात विरघळू शकते. सेल पॉलिश-कागदाने घासणे तर पूर्ण वर्ज्य समजावे: पातळ पापुद्रा कायमचा जातो आणि सेलेनियमची धूळ विषारी असल्यामुळे ती उडवणे आरोग्याला घातक आहे. मी हातमोजे घातले होते आणि काम संपल्यावर टेबल ओल्या कापडाने पुसून ते कापड टाकून दिले. सेलला तार झाळून लावण्याचा विचारही कोणी करू नये. करडे सेलेनियम २२१ अंश सेल्सिअसला वितळते आणि झाळणीचे टोक सहज ३०० अंशांच्या वर असते. म्हणूनच मूळ रचनेत संपर्क केवळ स्प्रिंगच्या दाबाने टेकवलेले असतात.

संपर्क स्वच्छ करून सेल परत बसवल्यावर काटा अधूनमधून मरून पडणे पूर्णपणे थांबले. पण वाचन अजूनही कमीच येत होते: हाताशी असलेल्या दुसऱ्या, खात्रीच्या मीटरपेक्षा सुमारे अडीच स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे 'सेल मृत' हा शेरा अर्धा खरा होता. सेल खरोखरच अशक्त झाला होता. परंतु केवळ सेल बदलला असता, तर अडणारा काटा आणि गंजलेले संपर्क हे दोन्ही दोष तसेच राहिले असते आणि नवा सेलही वाईट ठरवला गेला असता.

सेल बदलण्याचे दोन मार्ग मी तपासले. पहिला सिलिकॉन सेलचा. सेलेनियमचा प्रतिसाद मानवी डोळ्याच्या संवेदनेशी बऱ्यापैकी जुळतो. साधे स्फटिक सिलिकॉन मात्र अवरक्त प्रकाशाला फार दाद देते, त्यामुळे पिवळ्या दिव्याखाली ते भलतेच जास्त वाचन दाखवते आणि त्याच्यापुढे अवरक्त अडवणारी काच बसवावी लागते. शिवाय त्याची संपूर्ण मोजपट्टी मूळ मोजपट्टीशी जुळवणे हे वेगळेच काम आहे. दुसरा मार्ग म्हणजे त्याच नमुन्याचा, सेल जिवंत पण बाकी मोडका असलेला मीटर सुट्या भागांसाठी घेणे. मी हा निवडला, कारण सेलचा आकार, जाडी आणि संपर्काची जागा सर्व काही तंतोतंत बसते. असा मीटर विकत घेताना 'काटा हलतो' या शब्दांवर विसंबू नये. मी विक्रेत्याकडून एकाच जागी उभे राहून काढलेले दोन फोटो मागवले, एक झडप उघडून मीटर खिडकीकडे रोखलेला आणि एक सेलवर तळहात ठेवलेला. दोन्हींत काट्याच्या जागेत स्पष्ट फरक दिसल्यावरच २ फेब्रुवारीला पैसे भरले.

पुढचे ३७ दिवस वाट पाहण्यात गेले. पार्सल परदेशातून येत होते आणि विक्रेत्याने त्यावर लावलेल्या सीएन २२ या सीमाशुल्क-घोषणेत वस्तूचे वर्णन केवळ 'कॅमेऱ्याचा भाग, जुना' असे लिहिले होते. २४ फेब्रुवारीला खुलासा मागणारे पत्र आले. त्यात वस्तूचे नेमके वर्णन, खरेदीची पावती, ओळखपत्राची प्रत आणि वस्तूत बॅटरी नसल्याचे लेखी निवेदन सात दिवसांत द्यावे असे म्हटले होते. मी त्याच रात्री सर्व पाठवले आणि दोन दिवसांनी ते परत आले, कारण पावतीवर माझे आडनाव आणि आद्याक्षरे होती, तर पार्सलवर पूर्ण नाव. दुसऱ्यांदा मी नावाबाबतचे एक स्वतंत्र निवेदन जोडले आणि वर्णनात लिहिले: 'छायाचित्रणाचा एक्स्पोजर मीटर, वापरलेला, बॅटरीविरहित, सुट्या भागांसाठी'. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कॅमेरे ९००६ या शीर्षकाखाली येतात, तर प्रकाश मोजणारी उपकरणे, एक्स्पोजर मीटर धरून, ९०२७ खाली येतात. हा क्रमांकही मी लिहिला. यानंतर प्रश्न आला नाही आणि ११ मार्चला पार्सल घरी पोहोचले. टपाल आणि शुल्क मिळून खर्च मोडक्या मीटरच्या किमतीपेक्षा अधिक झाला, आणि या संपूर्ण कामातील सर्वांत मोठा खर्च हाच होता. विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वीच घोषणेत काय लिहायचे तो मजकूर तयार करून पाठवला असता, तर किमान दोन आठवडे वाचले असते.

१५ मार्चला दोन्ही सेल शेजारी ठेवून मोजले. ढगाळ दुपारी खिडकीपासून एकाच अंतरावर, मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर फेऱ्यावर माझ्या जुन्या सेलने ३८ आणि आलेल्या सेलने २१२ मायक्रोअँपिअर दाखवले. हे साडेपाच पटींचे अंतर म्हणजे जवळजवळ अडीच स्टॉप, आणि मीटरवर दिसलेली तूटही तेवढीच होती. दोन स्वतंत्र मार्गांनी आलेले हे आकडे जुळल्यावर प्रथमच मला खात्री वाटली की दुसरा कुठला दोष लपून राहिलेला नाही. बदली करताना ध्रुव पाहून घ्यावेत: सेलची मागची धातूची बाजू धन आणि दर्शनी बाजूचे कडे ऋण असते. उलटे जोडल्यास काटा शून्याच्या खाली ओढला जातो. सेल मी फक्त कडांना धरून बसवला, त्याच्या दर्शनी भागाला बोट लागू दिले नाही आणि जोडणीला तासाभरापेक्षा कमी वेळ लागला.

जुळणी तपासण्यासाठी एक आठवडा राखून ठेवला होता. असे मीटर रुंद कोनातून प्रकाश घेतात, म्हणून तुलनेसाठी एकसारखा उजळलेला मोठा पृष्ठभाग लागतो. मी पांढरी भिंत वापरली आणि दोन्ही मीटर तिच्या इतके जवळ धरले की दुसरे काही दिसू नये, पण सावलीही पडू नये. सेलेनियमचा सेल अंधारातून एकदम तीव्र उजेडात आणला तर त्याचे वाचन सुरुवातीला स्थिर राहत नाही, म्हणून प्रत्येक मापनापूर्वी मीटर काही मिनिटे त्या उजेडात ठेवला. पहिल्या दिवसाचे निकाल पाहून माझा पुन्हा हिरमोड झाला. दुसऱ्या मीटरच्या तुलनेत हा प्रत्येक पातळीवर, अगदी नेमाने, एक तृतीयांश स्टॉपने कमी एक्स्पोजर सुचवत होता. नवा सेल जरा जास्तच जोमदार असावा असे समजून मी समांतर रोधक लावून प्रवाह कमी करण्याचे गणितही मांडले. एकसरीतला रोधक लावला तर तीव्र उजेडातील वाचन अधिक दबते आणि मोजपट्टी वाकडी होते, म्हणून समांतरच लावायचा इथपर्यंत मी ठरवले होते.

झाळणी तापत ठेवलेली असताना माझे लक्ष मीटरवरच्या, फिल्मचा वेग लावायच्या तबकडीकडे गेले. या तबकडीवर फिल्मचा वेग, म्हणजे तिची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, आज वापरतो त्या एएसए अंकांत नाही, तर वेस्टनच्या स्वतःच्या अंकांत आहे. एएसएचे १०० म्हणजे वेस्टनचे ८०. मी १०० च्या फिल्मसाठी तबकडी १०० वर लावत होते, म्हणजे मीटरला फिल्म खरी आहे त्यापेक्षा एक तृतीयांश स्टॉप वेगवान असल्याचे सांगत होते. तबकडी ८० वर आणली आणि फरक नाहीसा झाला. झाळणी बंद केली. सर्व पातळ्यांवर सारखाच येणारा आणि नेमका एक तृतीयांश स्टॉपचा फरक बहुधा अंकांच्या पद्धतीतून येतो हे मला आधी सुचायला हवे होते, कारण सेलचा दोष इतका शिस्तबद्ध क्वचितच असतो.

दुसऱ्या मीटरशिवाय करता येणारी एक तपासणीही मी केली आणि ज्यांच्याकडे तुलनेला काही नाही त्यांनी ती अवश्य करावी. या मीटरची मोजपट्टी प्रति चौरस फूट कँडल या एककात आहे. फिल्मच्या एएसए वेगाचे वर्गमूळ हा ॲपर्चरचा एफ-क्रमांक धरला, तर मोजपट्टीवर आलेला आकडा जवळजवळ थेट शटरचा वेग असतो: १०० च्या फिल्मला एफ १० धरून, वाचन २५० आले तर एक्स्पोजर सेकंदाचा १/२५० भाग. तबकडी वेस्टन ८० वर लावून तीच जोडी मिळते का ते पाहिले की मोजपट्टी आणि तबकडी यांचा मेळ तपासला जातो. सेलसाठी मी भर दुपारच्या स्वच्छ उन्हात १८ टक्के करडे कार्ड (पडलेल्या प्रकाशाचा १८ टक्के भाग परावर्तित करणारे) धरले. वाचन २५० च्या आसपास आले आणि उन्हात एफ १६ ला फिल्मच्या वेगाइतके शटर, या जुन्या नियमाशी ते जुळते. शेवटी, दोन्ही मोजपट्ट्यांवर वाचता येईल अशी एक मधली पातळी शोधली, कारण मंद उजेडाची मोजपट्टी ५० पर्यंत जाते आणि तीव्र उजेडाची पट्टी त्याच्या खालूनच सुरू होते. साधारण ४० च्या उजेडात झडप उघडून आणि मिटून घेतलेली दोन्ही वाचने एक झाली.

३० मार्चला मी स्लाइड फिल्मचा रोल भरला. निगेटिव्ह फिल्म एखाद्या स्टॉपची चूक सांभाळून घेते, स्लाइड अर्ध्या स्टॉपचीही चूक लपवत नाही. म्हणून मीटरची परीक्षा घ्यायची तर तिच्यावरच असे ठरवले होते. प्रत्येक चौकटीचे वाचन, ॲपर्चर आणि शटर वहीत लिहीत गेले आणि एकदाही दुसऱ्या मीटरकडे पाहिले नाही. १२ एप्रिलला रोल धुऊन आला. उन्हातल्या आणि सावलीतल्या सर्व चौकटी योग्य उतरल्या. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या शेवटच्या तीन चौकटी मात्र सुमारे एक स्टॉप जास्त उजळ निघाल्या, म्हणजे मंद उजेडाच्या मोजपट्टीच्या अगदी तळाशी हा सेल अजूनही कमी वाचतो. मी त्यासाठी मीटर पुन्हा उघडला नाही. डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली आहे आणि सोबत एक चिठ्ठी: '१०० ची फिल्म म्हणजे वेस्टन ८०. मोजपट्टीवर १ च्या खाली वाचन आले, तर एक स्टॉप कमी करावा. सेल १५ मार्चला बदलला.' जुना सेल आणि मोडक्या मीटरचे उरलेले भाग दुसऱ्या डबीत नावे घालून ठेवले आहेत. त्यातील झडपेची बिजागरी अजून उत्तम आहे.